बादचा वाडगा

ताईने केसाच्या टोकाने बेडूकमाशाला हलकेच उताणं केलं आणि मायक्रोस्कोपची चकती फिरवली. पोटावरची कातडी इतकी पातळ की आतलं सगळं उघडं. आतड्याची पिवळसर नळी गोल गोल फिरत मध्यापर्यंत गेलेली. ती कुठल्या बाजूला वळते हे ताईने एकदा बाहेरून आत पाहिलं, एकदा आतून बाहेर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

उलट होती.

शंका घ्यायला जागाच नव्हती. बागेला पाणी घालून झाल्यावर रबरी नळीचं कोणीतरी नीट वेटोळं करून ठेवावं, तसं वेटोळं होतं. फक्त नको त्या बाजूला वळलेलं.

ताईने ड्रॉपर उचलला. पुढ्यात तीन वाडगे होते: सुलट, उलट आणि बाद. ड्रॉपर उलटच्या वाडग्यावर गेला आणि थांबला. शेवटच्या वळणापाशी नळी जरा सैल नव्हती का? सैल म्हटली तर सैलच. ताईने ते पिल्लू बादमध्ये सोडलं.

"सैल आहे," ती म्हणाली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हणाली.

बेडकाच्या पिल्लाला आधी आतडं नसतंच. पोटाच्या जागी नुसता बलकाने भरलेल्या पेशींचा गोळा. मग त्या पेशी एकमेकींच्या मधून वाट काढत पुढे सरकायला लागतात. गोळा बारीक होतो, लांब होतो, आतून पोकळ होतो, आणि एवढ्याशा पोटात मावेनासा झाला की वळायला लागतो. तोवर पिल्लाला तोंड असून उपयोग नाही, बरोबर आणलेल्या बलकावरच दिवस काढायचे. आणि वळणार कसा, तर दर वेळी एकाच बाजूला. आई कुठलीही असो, पाणी कुठलंही असो.

का एकाच बाजूला, हा ताईचा प्रश्न होता. लोक माझं घर म्हणतात तसं ती माझा प्रश्न म्हणायची. तिच्याकडे उत्तरही होतं. डाव्या अंगाच्या पेशी उजव्यांपेक्षा जास्त जोर लावून सरकत असणार. डावीकडचं सरकणं रोखलं तर आतडं उलट वळायला हवं. त्यासाठी अंड्याचे पहिले दोन भाग होतात न होतात तोच त्यातल्या डाव्या भागात रोखणारं द्रव्य टोचायचं आणि पोट तयार होईपर्यंत वाट बघायची. द्रव्य तिने स्वतः बनवून फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. बोलायला किती सोपं. पण टोचायला हात लागतो, आणि ताईचा हात जड. तिची अंडी फुटायची, गळायची. जगली तर वाकडी जगायची आणि आतडं वळायच्या आत मान टाकायची. वर्षानुवर्षं हेच. कल्पना ताईच्या डोक्यात आली आणि हात मात्र दुसरीच्याच मनगटाला आला.

त्या दुसरीला सगळे सुई म्हणायचे. हे नावही ताईनेच ठेवलेलं. नवी आलेली ती किडकिडीत मुलगी पहिल्याच दिवशी काचेच्या सुईने अंड्यांची अख्खी ओळ टोचून मोकळी झाली आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर सगळी जिवंत. "अगं, तू मुलगी आहेस की सुई?" ताई म्हणाली होती. तेव्हा तिला कौतुकच वाटलं होतं. कौतुकाच्या भरात ती पोरीला घरी चहाला घेऊन गेली, दार धाकट्या भावाने उघडलं, आणि पुढचं काय सांगायचं. आता सुई ताईची भावजय होती. लॅबमधले चिडवायचे, "घरी नणंद, इथे गुरू. सासूचीच जागा तेवढी राहिली, तीही घेऊन टाका." ताई हसायची. पहिल्यांदा खरं हसली होती.

आता तिला हसू येत नसे. सुट्टीच्या दिवशी भावाकडे जेवायला गेलं की ताटावर बसल्यापासून हिचंच गुणगान. "ताई, परवाच्या मीटिंगला सर काय म्हणाले ऐकलंस ना? म्हणाले, असे हात वीस वर्षांत पाहिले नाहीत." ऐकलं होतं. ताई त्याच मीटिंगला दोन खुर्च्या सोडून बसली होती आणि ती त्या वीस वर्षांत मोडत होती. हाच धाकटा एके काळी मित्रांना सांगायचा की बेडकाबद्दल काहीही विचारा, आमच्या ताईला सगळं येतं. ज्या केसाने ताई आत्ता पिल्लं उताणी करत होती, तो केस त्याच्याच भुवईचा. तो शाळेत असताना तिने उपटला होता आणि काचेच्या कांडीच्या टोकाला मेणाने चिकटवला होता. केवढा बोंबलला होता तेव्हा. आणि मागच्या महिन्यात सुईला तसंच हत्यार हवं झालं, तर म्हणे गडी स्वतःहून दुसरी भुवई घेऊन पुढे झाला. सुईने हे हसत हसत सांगितलं होतं. ताईला वाटलं होतं, एवढं तरी माझ्यापुरतं ठेवायचं होतंत.

हेवा म्हणतात तो हाच, हे तिला कळत होतं. ती काही भोळी नव्हती. पण कळलं म्हणून जळायचं थोडंच थांबतं.

त्यात सरांनी निकाल देऊन टाकला होता. एका छपराखाली दोन प्रश्न आता चालायचे नाहीत, महिनाअखेरीला एक बंद होणार. सुई पाण्यात एक औषध घालून बघत होती आणि त्या औषधाने अधूनमधून आतडी उलट वळायची. तिच्याकडे निदान दाखवायला काहीतरी होतं. ताईकडे फुटलेली अंडी. "तुमचं टेबल तिच्याकडे जाईल," सर म्हणाले होते, आणि वर, "घरातच राहतंय की." ताईला मुलांचे तास घ्यायला वरच्या मजल्यावर पाठवणार होते. गेल्या आठवड्यात तिने फ्रीझर उघडला, तर तिच्या डब्यातली द्रव्याची कुपी भलत्याच खाचेत. तिने मनात म्हटलं, अजून मी उठलेही नाही आणि यांनी खुर्ची ओढायला घेतली.

आणि आज सकाळी सुई हातात ट्रे घेऊन समोर उभी. ट्रेमध्ये झाकणाच्या काचेच्या बशा, प्रत्येकीच्या बुडाला काळी पट्टी चिकटवलेली.

"ताई, तुम्ही बघाल का?"

"मीच कशाला? बाकीचे आहेत की."

"सरांना तुमच्या डोळ्यांइतकं कुणाचं पटत नाही."

"काय काय आहे यात?"

सुईने खाली बघितलं. ओठ मिटूनही तिला हसू लपवता येत नव्हतं.

"ते कसं सांगू? मग पट्ट्या कशाला लावल्या?"

त्या हसण्याने ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी खात्री आहे तर हिला.

पट्टीचा नियम ताईचाच. ज्याने टोचलं त्याने बघायचं नाही, जो बघेल त्याला कुठल्या बशीत काय आहे ते सांगायचं नाही. बशीचं नाव बुडाला लिहायचं आणि पट्टीखाली झाकायचं. आणि एकदा पट्ट्या निघाल्या की पुन्हा बघणं नाही. पूर्वी सरांना उत्साहाच्या भरात प्रत्येक पोटात उलट आतडं दिसायला लागलं होतं, तेव्हा तिने हा नियम घालून दिला होता. मन जे मागतं ते डोळा आणून देतो, असं ती नव्या मुलांना सांगायची. मनाला जे नको असतं त्याचं डोळा काय करतो, हे काही तिने कधी सांगितलं नव्हतं.

पहिली बशी झरझर झाली होती. सगळी पिल्लं सुलट, गुटगुटीत. ताईने एकेकाला जवळजवळ मायेने वाडग्यात सोडलं होतं. दुसऱ्या बशीला हात घातला आणि तिथून हे सुरू झालं.

झोपेच्या औषधाने पिल्लं निपचित होती. ताईने पुढचं घेतलं. उलट. शेपटीकडे जरा फुगवटा आहे, बाद. त्याच्या पुढचं, उलट. हे जरा लहानच दिसतंय, पूर्ण वाढलेलं नसेल, बाद. त्याच्या पुढचं इतकं स्वच्छ उलट होतं की पुस्तकात छापावं. ताईने काचेवरून डोळा उचलला, चष्मा पुसला, परत लावला. पिल्लू तसंच. तिने ते उलटमध्ये टाकलं. तो वाडगा अगदीच रिकामा राहिला असता तर बरं दिसलं नसतं.

ती काही खोटं बोलत नव्हती. सुलट नसलेल्याला ती सुलट म्हणत नव्हती. आतड्याचा गुंता झाला असेल, वळण धड कळत नसेल तर बाद करायचं, हाही नियमच. ती फक्त कडक बघत होती. आपल्या कामाला लावली असती त्यापेक्षा थोडी जास्त कडक. पण मग प्रत्येक पोटात तिला सुई दिसायला लागली. सुई स्टेजवर बोलतेय, मागच्या रांगेत धाकटा टाळ्या वाजवतोय, शेजारी बसलेल्या आईला सांगतोय की हे हिनं शोधून काढलं. आई विचारतेय, "म्हणजे ताईचं तेच ना रे?" आणि तो म्हणतोय, "नाही गं, ते वेगळं. तिचं जमलं नाही."

बाद. बाद. हेही बाद.

दारावर टकटक झाली.

"मी आत येत नाहीये," बाहेरून सुईचा आवाज. "चहा आणलाय. इथेच ठेवते."

"ठेव."

"मान आखडली असेल तुमची. पाच मिनिटं उठा ना."

"संपवूनच उठेन."

सुई गेली नाही. दाराखालच्या फटीतून तिच्या चपलांची सावली दिसत होती.

"ताई, काही दिसतंय का हो?"

"अगं, विचारायचं नसतं."

"हो. चुकलं."

सावली गेली. ताईने उठून कप आत घेतला. बिनसाखरेचा, वरून चिमूटभर सुंठ, तिला लागतो अगदी तसा. धाकट्याला इतकी वर्षं लक्षात राहिलं नाही, हिच्या बरं लक्षात राहतं. गुण तरी किती असावेत एका माणसात. ताईने चहा बाजूला सारला आणि तिसरी बशी ओढली.

तिसऱ्या बशीतली पिल्लं पुन्हा सगळी सुलट निघाली. ताईला जरा नवल वाटलं. औषधाची मात्रा कमी घातलेली बशी असेल, असं म्हणून तिने ती उरकली. शेवटचं पिल्लू सोडून तिने पाठ सरळ केली आणि सरांना बोलवायला माणूस पाठवला.

सर आले, त्यांच्या मागे सुई. सुई हात पाठीशी धरून उभी राहिली, निकालाच्या दिवशी मुलं राहतात तशी. सरांनी वाकून तिन्ही वाडगे पाहिले.

"उलट एवढीच?"

"एवढीच."

"आणि बाद इतकी?"

"गुंते फार आहेत," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. "सगळे दुसऱ्या बशीतले."

"ताईंनी बाद म्हटलं म्हणजे बाद," सर म्हणाले. "चला, पट्ट्या काढू."

त्यांनी पहिली बशी उलटी धरली आणि नखाने पट्टी सोडवली. "साधं पाणी." ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. पट्टी घट्ट बसली होती, निघताना चर्र आवाज आला. सर वाचून थांबले. "डावी," ते म्हणाले. "डावी म्हणजे काय?" त्यांनी तिसरीची पट्टी काढली. "उजवी."

ताईने कपाला हात लावला. चहा गार झाला होता.

औषधाला कसली आली डावी-उजवी? औषध पाण्यात असतं. पिल्लाला सगळीकडून सारखं लागतं. डावं-उजवं करायचं तर टोचावं लागतं, अंड्याचे दोन भाग होत असताना, एका भागात. ताईला फ्रीझरमधली ती भलत्या खाचेत बसलेली कुपी आठवली.

"ताईंचं आहे, सर," सुई म्हणाली. "त्यांची कुपी, त्यांची कल्पना. मी नुसतं टोचलं. एका बशीला डाव्या भागात, एका बशीला उजव्या." ती ताईकडे वळली. "ताई, रागावू नका, न विचारता डब्यात हात घातला. पण तुम्हाला आधी सांगितलं असतं आणि तुम्हीच बघितलं असतं, तर लोक म्हणाले असते आपलं म्हणून उलट दिसलं. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर सरांना पटलं नसतं. म्हणून म्हटलं तुम्हीच बघावं, पण न कळता. मग कुणाची बोलायची टाप नसती."

तिचा चेहरा पडला होता, तरी ती नीट बोलत होती.

"मला खात्री होती हो. वाटलं होतं, डावी सगळी उलट निघणार. घरी ह्यांनाही काल तेच सांगत होते. ते म्हणाले, बघ, ताईचं बरोबरच असणार."

ताईने कपावरचा हात काढला. 

सरांनी तिच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. आवाज खाली आणून म्हणाले, "एका परीने बरंच झालं, ताई. आता रुखरुख नको. इतक्या चांगल्या हातांनी टोचून, तुम्ही स्वतः बघून नाही निघालं, म्हणजे नाहीच. प्रश्न मिटला. टेबलाचं या आठवड्यात बघून घेऊ."

"हो," ताई म्हणाली.

"मी हे आवरते," असं म्हणत सुईने बादचा वाडगा उचलला. बाद झालेली पिल्लं कडक औषधात टाकून संपवायची, ती शेवटी कोणीतरी टाकायचीच.

"राहू दे ते," ताई म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली. "मी टाकते."

"बसा हो तुम्ही."

सुई वाडगा घेऊन निघालीही होती. पण लॅबमधली माणसं हातातलं भांडं मायक्रोस्कोपखालून काढल्याशिवाय पुढे जात नाहीत, घरचा चहाही गाळण्याआधी उजेडात धरून बघतात. तिने वाटेत वाडगा काचेखाली सरकवला आणि उभ्या उभ्या डोळा लावला. झोपेचं औषध उतरायला लागलं होतं, पण पिल्लं अजून पोट वर करूनच होती.

तिची बोटं चकतीवर गेली. एकदा फिरली. मग थांबली. सुईने वाडगा थोडा सरकवला, दुसरं पिल्लू पाहिलं. तिसरं पाहिलं. सर खिडकीपाशी फोनवर कोणाला तरी येतो म्हणून सांगत होते. ताई सुईच्या मानेकडे बघत राहिली. तिला काय दिसतंय हे ताईला एकेक वळणासकट माहीत होतं.

सुईने काचेवरून डोळा उचलला. ताईकडे बघितलं नाही. तिने वाडगा जपून टेबलावर ठेवला, त्यावर झाकण घातलं आणि सरांचा फोन होईपर्यंत झाकणावरचा हात काढला नाही.

"सर," ती म्हणाली, "ताई सकाळपासून एका बैठकीवर आहेत. त्यांचे डोळे थकले असणार. मी सगळं पुन्हा टोचते, महिनाअखेरीच्या आत होईल. तोवर टेबलाचं थांबवा."

"डोळे थकले होते का हो, ताई? मग सांगायचं ना."

"पण या वेळी," सुई म्हणाली आणि झाकणाकडे बघत राहिली, "बघायला दुसऱ्या कोणाला तरी द्या."

इतकंच होतं. नुसती मान हलवायची होती. डोळे थकले होते म्हणायचं, पंधरा दिवस गप्प बसायचं, आणि आतडं पुन्हा उलट वळलं असतं. टेबल राहिलं असतं, प्रश्न राहिला असता, आई-धाकट्यापुढे मान वर राहिली असती. सुई कोणालाही काही बोलली नसती. धाकट्यालाही नाही. ती तशी होतीच, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

आणि तेच तिला सोसेना. हात हिचे, भाऊ हिचा, आता आपल्याला झाकून घेणारं मोठं मनही हिचंच. दर जेवणाला ही समोर बसून वाढणार, बिनसाखरेचा चहा आणून देणार आणि एक अक्षर बोलणार नाही. निदान ही एक गोष्ट तरी ताई हिच्याकडून घेणार नव्हती.

"नाही," ताई म्हणाली. "थकले नव्हते."

सर घड्याळ बघत होते, ते थांबले. सुईने पहिल्यांदा मान वर केली आणि अगदी थोडी, नको म्हणून हलवली.

ताईने तिच्या समोरून वाडगा ओढून घेतला, झाकण काढलं आणि सरांपुढे सरकवला. आत पिल्लं एकेक करून कुशीवर व्हायला लागली होती.

"ही सगळी उलट आहेत," ती म्हणाली. "मला चांगलं दिसत होतं. मला वाटलं, हिची आहेत."